एकोणीस सेकंद

वाळपईहून वर चढणारी कदंबा
वळणावर मला उतरवते, आणि निळा डबा,
खांद्यात रुतणारा.
आत बर्फाच्या चार पिशव्या
आणि मधे, भाताच्या कोंड्यात अंडी ठेवावीत तशा, कुप्या.
एप्रिल. बोंडांचा आंबूस वास
चपलेबरोबर अंगणवाडीपर्यंत येतो.

दाराला खात्याचं पोस्टर:
हसरं बाळ, हसरी आई, दोघंही कुठल्याच गावची नाहीत.
‘लसीकरण पूर्णतः सुरक्षित आहे.’
पूर्णतः.
हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही,
नवस बोलतानासुद्धा.

म्हणून मागच्या महिन्यात, रात्री, भात उतरवून
मी फोनवर बोलले.
मागं कुत्रा भुंकत होता,
नवऱ्यानं टीव्ही बारीक केला नव्हता.
म्हटलं, गे बायांनो, गोवराची सुई
एखाद्या पोराला आठवड्यानं ताप आणील,
अंगावर बारीक पुरळ उठेल,
किरकिरेल, तुम्हाला झोप नाही.
मग दोन-तीन दिवसांत उतरेल सगळं.
खरा गोवर असा उतरत नाही.
माझा धाकटा भाऊ उमाकांत
त्याच्या उजव्या बाजूला बसून बोलावं लागतं, अजून.

एक मिनिट चार सेकंद.
‘आमचो गांव’वर टाकलं आणि झोपले.

कुणीतरी कापलं.
कुणी, ते ठाऊक नाही. संशय आहे,
तो इथं लिहीत नाही.
हात मात्र सफाईचा,
काजूचं कलम करताना डोळा राखून कापतात तसा,
नेमका ‘झोप नाही’पाशी.
एकोणीस सेकंद उरले.
वर लिहिलेलं: खुद्द नर्सच सांगतेय, ऐका.

ते साखळीला गेलं, पणजीला नणंदेकडे,
तिथून कुवेतला,
आणि घाटापलीकडून फिरून
माझ्याच फोनवर आलं,
खाली जोडलेले हात, तीन वेळा.
मी ऐकलं.
आवाज माझाच. शब्द एकही खोटा नाही.
तक्रार कसली करणार?

डॉक्टर म्हणाले, सिस्टर,
तापाबिपाचं काढायचंच कशाला?
पोस्टर आहे ना.

आज यादीत अकरा पोरं.
साडेदहापर्यंत कोणी नाही.
विजयानंद दुकानदार समोरून गेला,
त्याची नात यादीत चौथी,
त्यानं नुसतं घड्याळ पाहिलं.
डब्याला घाम फुटत होता. शुभलता सेविका
खिचडीखालचा जाळ कमी करून पुन्हा वाढवत होती.

मग वरच्या धनगरवाड्यातली सगुणा वरक आली,
कडेवर मुलगी, नऊ महिने पुरे.
म्हणाली, ताप येतो म्हणालीस ती तूच ना?
मी म्हटलं, मीच. पण पुढं—
पुढचं राहू दे, ती म्हणाली.
थोरल्याच्या वेळी कुणी काहीच बोललं नव्हतं.
ताप चढला, सासूनं मला धरलं,
रात्रीच खाली पळालो, टॉर्च विझलेली.
कुणी सांगितलं असतं तर
ओलं फडकं घेऊन घरीच बसले असते.
तू कितव्या दिवशी येईल तेवढं सांग,
तेव्हा मी बोंडं वेचायला जात नाही.

मी बोटांवर मोजून दिलं:
पुढल्या बुधवारपासून, पुढचे पाच-सहा दिवस.
आला तर. बहुतेकींना येतही नाही.
‘बहुतेकींना’ हे तिला पटलं.

कुपी पाच पोरांची.
एकदा पाणी मिसळलं की चार तास, मग फेकायची.
शुभलतानं डोळ्यांनी विचारलं, एकीसाठी?
मी फोडली.
लेबलावर वेळ लिहिली: अकरा दहा.

पोरगी अशी ओरडली
की छपरावरची कवडी उडाली.
बाहेर काजूखाली दोघी उभ्या होत्या,
पोरं पदरात झाकून, कधीपासून कोण जाणे.
रडणं ऐकून एक मागं वळली,
उतारावरून तिची पाठ दिसेनाशी झाली.
दुसरी अजून तिथंच आहे.

अकरा वीस.